मायोस्टॅटिन अडवलं की ताकद येते का? जिमच्या कॅप्सूलपासून डुशेनपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातला एक भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय, जिमच्या ट्रेनरनं त्याला ‘मायोस्टॅटिन ब्लॉकर’ म्हणून कॅप्सूल घ्यायला सांगितल्यात. आणि त्याच्या बहिणीच्या सात वर्षांच्या पोराला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा जन्मजात आजार, असल्याचं नुकतंच कळलंय. मोबाईलवर त्यानं तो अंगानं फुगलेला बेल्जियमचा बैल बघितला, खाली लिहिलेलं की एकच प्रोटीन बंद केलं की असं शरीर होतं. म्हणून तो विचारायलाय, मी ह्या कॅप्सूल घेऊ का, आणि हेच औषध भाच्याला दिलं तर त्याच्या पायात ताकद येईल का.

भाऊ, आधी दोन्हीचं सरळ उत्तर देतो. कॅप्सूल घेऊ नका, त्यात मायोस्टॅटिन अडवणारं काहीही नाही आणि असलं तर दुसरंच काहीतरी असेल जे तुमचं नुकसान करेल. भाच्यासाठी असं औषध आज कुठल्याच देशात मिळत नाही, आणि डुशेनच्या पोरांवर मायोस्टॅटिन अडवणारी जी औषधं करून बघितली ती सगळी फेल गेली. पण त्याच्यासाठी करण्यासारखं बरंच आहे, त्यातलं पुष्कळसं लातूर-संभाजीनगरला होतं, आणि ते आत्ताच करायचं आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं लातूरला स्नायूंच्या आणि नसांच्या आजाराचे पेशंट बघतोय, धाराशिव, बीड, नांदेड, पार सीमेपलीकडच्या बिदरकडून लोक येतात, आणि हल्ली दर काही आठवड्यांनी कुणीतरी हाच बैलाचा व्हिडिओ दाखवतं. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

मायोस्टॅटिन हे आपल्या स्नायूंनीच बनवलेलं प्रोटीन आहे, त्याचं दुसरं नाव जीडीएफ-८. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी उंदरांमधून त्याचं जीन काढून टाकलं आणि त्या उंदरांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे झाले, धागे संख्येनंही जास्त आणि जाडीनंही जास्त. म्हणजे हे प्रोटीन स्नायूच्या वाढीवरचा ब्रेक आहे हे तिथं पहिल्यांदा दिसलं. त्याच वर्षी कळलं की बेल्जियन ब्लू नावाच्या गायींमध्ये ह्याच जीनमधली डीएनएची ११ अक्षरं गळालेली आहेत, आणि इटलीच्या पिडमॉन्टीज गायींमध्ये एक अक्षर बदललेलं आहे. तुम्ही बघितलेला बैल तोच. त्याला कुणी इंजेक्शन दिलेलं नाही, त्याचा ब्रेक जन्मापासूनच तुटलेला आहे.

ब्रेक शरीरानं ठेवलाच कशाला असं तुम्हाला वाटेल. स्नायू सांभाळणं महाग पडतं, त्याला रोज खायला लागतं, बसून असला तरी लागतं. दुष्काळी भागात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही, आपली देवणी आणि लाल कंधारी जनावरं कमी चाऱ्यावर, कडब्यावर, उन्हात दिवसभर औत ओढतात, ती अशी फुगलेली असती तर एका उन्हाळ्यात बसली असती. बेल्जियन ब्लूचं वासरू एवढं मोठं आणि गायीची वाट एवढी अरुंद की शुद्ध जातीच्या बहुतेक गायींचं सिझेरियन करावं लागतं. आपल्याकडं कुठल्या शेतकऱ्याला हे परवडणार आहे. मटणाच्या जनावरात मात्र ह्याचा थोडा उपयोग होऊ शकतो. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठानं मे २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांनी हेच जीन एडिट करून भारतातली पहिली जीन-एडिटेड मेंढी तयार केली आणि तिचे स्नायू साधारण ३० टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या उस्मानाबादी शेळीत असं काही करायचं का हा वेगळा विषय, पण जुळी करडं देणारी, कोरडवाहू भागात टिकणारी शेळी वजनाच्या नादात बिघडवू नये असं माझं मत आहे.

आता हे काम कसं करतं ते बघा, कारण औषधं का फसली ते ह्यातच आहे. स्नायू मायोस्टॅटिन बनवतो तेव्हा ते सुस्त अवस्थेत असतं, त्याच्याच साखळीचा पुढचा भाग त्याला धरून ठेवतो. गरज पडली की एन्झाइम तो भाग कापतात, मोकळं झालेलं मायोस्टॅटिन स्नायूच्या पेशीवरच्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं, त्या रिसेप्टरचं नाव अ‍ॅक्टिव्हिन रिसेप्टर टू-बी. तिथून आत स्मॅड नावाची प्रोटीनं निरोप घेऊन पेशीच्या केंद्रात जातात, नवं प्रोटीन बनवायचं काम मंदावतं, मोडतोड वाढते. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो रिसेप्टर एकट्या मायोस्टॅटिनचा नाहीये. अ‍ॅक्टिव्हिन नावाची प्रोटीनंही तिथंच चिकटतात आणि माणसात तर अ‍ॅक्टिव्हिन-ए चा ब्रेक मायोस्टॅटिनएवढाच किंवा जास्तच लागतो. रक्तवाहिन्या धड ठेवणारी, रक्ताच्या पेशी बनवण्यात भाग घेणारी ह्याच कुटुंबातली आणखी प्रोटीनं आहेत. त्यामुळं रिसेप्टरच अडवला तर स्नायूसोबत बाकीच्या चार ठिकाणीही धक्का बसतो.

माणसात हा ब्रेक नसला तर काय होतं ह्याचं एक उदाहरण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं, जर्मनीतलं. एक मूल जन्मलं तेव्हाच मांड्या-दंड असे की डॉक्टर चकित झाले, तपासलं तर जीनच्या दोन्ही कॉप्या बिघडलेल्या. साडेचार वर्षांचं असताना ते पोर दोन्ही हातात तीन-तीन किलोचे डंबेल धरून हात आडवे सरळ ठेवू शकायचं. त्याच्या आईमध्ये एक कॉपी बिघडलेली आणि ती पूर्वी व्यावसायिक धावपटू होती. हे खरं आहे, आणि जगभरात सगळ्या कंपन्या ह्याच्यामुळं कामाला लागल्या. पण ते मूल निरोगी स्नायू घेऊन जन्मलं होतं, फक्त ब्रेक नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझं जे मुख्य म्हणणं आहे ते. स्नायूचा आकार आणि स्नायूची ताकद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मायोस्टॅटिनच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या कामातून हेच परत परत दिसलंय. मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचे स्नायू मोठे असतात, पण तेवढ्याच जाडीच्या नेहमीच्या स्नायूशी तुलना केली तर जोर कमी भरतो, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग कमी असतात, लवकर थकतात. त्यांच्या कंडरा म्हणजे टेंडन बारीक आणि ठिसूळ निघाल्या. व्हिपेट नावाच्या शर्यतीच्या कुत्र्यात एक कॉपी बिघडलेली असली तर कुत्रं जोरात पळतं, दोन्ही बिघडल्या तर एवढं आडवं होतं की शर्यतीत उपयोगाचंच राहत नाही.

आणि ह्याचा सगळ्यात दुःखद पुरावा तुमच्या घरातच आहे. भाच्याच्या पोटऱ्या बघा. डुशेनच्या बहुतेक पोरांच्या पोटऱ्या टणक आणि मोठ्या दिसतात, कितीतरी आयांनी मला सांगितलंय की आम्हाला वाटायचं पोरगं आजोबांसारखं पैलवान होणार. ती ताकद नसते. आतले धागे तुटत तुटत जातात आणि त्या जागी चरबी आणि जून, कडक ऊती भरत जाते, आकार वाढतो आणि पोरगं मात्र जमिनीवरून उठताना गुडघ्यावर, मांडीवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठतं.

डुशेनमध्ये मूळ बिघाड डिस्ट्रॉफिन नावाच्या वेगळ्याच प्रोटीनचा आहे. स्नायूचा धागा आकसताना त्याचं आवरण फाटू नये म्हणून ते लागतं, ते नसलं की प्रत्येक हालचालीत थोडी थोडी फाटाफाट होते. ब्रेक काढल्यानं काय होणार, तर जे धागे शिल्लक आहेत ते जाड होणार, पण फाटायचे थांबणार नाहीत. तरी उंदरांवर आशा दिसली होती, २००२ मध्ये डुशेनसारख्या उंदरांना मायोस्टॅटिनविरोधी अँटीबॉडी दिली आणि त्यांची अवस्था सुधारली. मग माणसांवर सुरुवात झाली. वाईथ कंपनीची मायो-०२९ अँटीबॉडी मोठ्या माणसांच्या इतर डिस्ट्रॉफीत देऊन बघितली, २००८ मध्ये निकाल आला, त्रास फारसा नाही पण ताकदही वाढली नाही. एसीई-०३१ नावाचं औषध डुशेनच्या पोरांना दिलं, ते रिसेप्टरच्याच नकलेसारखं रक्तात फिरून सगळ्यांनाच पकडायचं, त्यामुळं पोरांच्या नाकातून, हिरड्यातून रक्त यायला लागलं, कातडीवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसायला लागल्या आणि २०११ मध्ये ट्रायल थांबवावी लागली. फायझरचं डोमाग्रोझुमॅब २०१८ मध्ये बंद. रोशनं हातात घेतलेलं आणखी एक औषध २०१९ मध्ये बंद. ह्यातली एकही ट्रायल वाया गेली असं मी म्हणणार नाही, त्या पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी जे दिलं त्याच्यामुळंच आज आपल्याला कळतंय. उंदराच्या रक्तात मायोस्टॅटिन माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून तिथं ते काढलं की फरक मोठा दिसतो. आणि डुशेनच्या पोरांमध्ये, स्नायूच कमी उरल्यामुळं, मायोस्टॅटिन आधीच खाली गेलेलं असतं. जे आधीच कमी आहे ते आणखी अडवून काय मिळणार.

वयस्क माणसांच्या इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस ह्या स्नायूंच्या आजारात बिमाग्रुमॅब हे रिसेप्टर अडवणारं औषध दिलं तेव्हाही तेच, २०१६ मध्ये निकाल आला, अंगातलं मांस वाढलं पण सहा मिनिटांत माणूस जेवढं चालायचा तेवढंच चालला. पेशंटला मशीनवरचे आकडे नको असतात हो, त्याला न पडता मोरीपर्यंत जायचं असतं.

मग हे सगळं संपलंय का, तर अजिबात नाही, आणि इथं मला मनापासून आशा वाटते. जिथं स्नायू मुळात धड आहे आणि फक्त त्याला नीट चालना मिळत नाही किंवा तो उपाशी पडतोय, तिथं ब्रेक सैल केल्याचा उपयोग होताना दिसतोय. पहिली जागा म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, एसएमए. ह्यात बिघाड मणक्यातल्या नसेच्या पेशीत असतो. नुसिनरसेन किंवा रिस्डिप्लाम ही त्यावरची औषधं दिली की त्या पेशी टिकतात, पण आधी वाळलेला स्नायू मागंच राहतो. अपिटेग्रोमॅब नावाची अँटीबॉडी मायोस्टॅटिनला ते सुस्त अवस्थेत असतानाच धरते, म्हणजे ते मोकळं होतच नाही आणि कुटुंबातल्या बाकीच्या प्रोटीनांना हात लागत नाही. एसीई-०३१ मध्ये जे रक्तस्रावाचं झालं त्यातून शिकूनच अशी वाट काढलीये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या ट्रायलचा निकाल आला, नुसिनरसेन किंवा रिस्डिप्लाम आधीच चालू असलेल्या, चालता न येणाऱ्या पोरांना हे जोडून दिलं तर वर्षभरात ६६ मार्कांच्या हालचालीच्या स्केलवर ह्याच्याऐवजी नुसती सलाईन जोडलेल्या पोरांपेक्षा १.८ मार्क जास्त. ऐकायला थोडं वाटतं. पण त्या स्केलवर एखादा मार्क म्हणजे पोरगं आधाराशिवाय बसणं किंवा स्वतःहून कुशीवर वळणं असतं, आणि रात्री दर दोन तासांनी उठून पोराची कूस बदलणाऱ्या आईला त्याची किंमत विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मंजुरी अडवली, ती औषधातल्या दोषामुळं नाही तर ते जिथं बाटलीत भरलं जातं त्या कारखान्यातल्या त्रुटींमुळं. पण हेही सांगतो की तशाच पेशंटांवर दुसऱ्या कंपनीचं टाल्डेफग्रोबेप नावाचं औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्य कसोटीवर फेल झालं, त्यामुळं इथंही सगळी औषधं सरसकट चालतील असं नाही.

दुसरी जागा वजन कमी करायची इंजेक्शनं. २०२५ पासून भारतात टिर्झेपटाइड आणि वेगोव्ही मिळायला लागल्यापासून लातूर-नांदेडलाही लोक विचारायलेत. ह्यांनी वजन छान उतरतं, पण उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, चरबी नसून मांसाचा वगैरे असतो. ते बिमाग्रुमॅब, जे आजारात फेल गेलं होतं, तेच २०२१ मध्ये शुगर असलेल्या लठ्ठ पेशंटांना दिलं तर ४८ आठवड्यांत चरबी २० टक्क्यांनी कमी आणि मांस साडेतीन टक्क्यांनी जास्त. मग सेमाग्लुटाइडसोबत, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधासोबत, जोडून दिलं, जून २०२५ मध्ये सांगितलेल्या निकालात ७२ आठवड्यांत वजन २२ टक्के उतरलं आणि त्यातलं जवळजवळ ९३ टक्के नुसती चरबी, एकट्या सेमाग्लुटाइडमध्ये हेच ७२ टक्क्यांच्या आसपास. पायात गोळे येणं, पुरळ, जुलाब असे त्रास आहेतच. अजून ते ट्रायलमध्येच आहे, बाजारात नाही. आणि ह्याच कुटुंबाला हात घालताना निघालेली दोन औषधं तर आज पेशंटांना मिळतात, लस्पॅटरसेप्ट थॅलेसेमियात रक्त चढवायची गरज कमी करायला आणि सोटॅटरसेप्ट फुफ्फुसातल्या रक्तदाबाच्या आजारात. म्हणजे ह्या कुटुंबाच्या अभ्यासाचा फायदा स्नायूंच्या आधी रक्त आणि फुफ्फुसाच्या पेशंटांना झाला.

आता तुमच्या कॅप्सूलचं. मायोस्टॅटिन अडवणारी वर जेवढी औषधं सांगितली ती सगळी इंजेक्शन किंवा सलाईनमधून द्यायची प्रोटीनं आहेत, तोंडानं घेतली तर पोटात डाळीसारखी पचून जातील. दोन हजारच्या दशकात एका समुद्री शेवाळाची पावडर ‘मायोस्टॅटिन बांधून ठेवते’ म्हणून विकली गेली, व्यायाम करणाऱ्यांवर तपासली तर ना मांस वाढलं ना ताकद. आज मिळणाऱ्या डब्यांची गत तीच. आणि एखाद्या कॅप्सूलनं महिन्याभरात खरंच अंग भरायला लागलं तर मला जास्त भीती वाटते, कारण मग त्यात बहुतेक स्टेरॉइड किंवा वायके-११ सारखं रसायन मिसळलेलं असतं, ते ‘मायोस्टॅटिन इनहिबिटर’ म्हणूनच ऑनलाइन विकतात. त्यानं लिव्हर सुजतं, अंडकोष बारीक होतात, शुक्राणू कमी होतात, चांगलं कोलेस्टेरॉल पार खाली जातं. चोवीस-पंचवीस वर्षांची, नुकतं लग्न ठरलेली पोरं असल्या रिपोर्टांसह समोर बसलेली बघितली की जीव तुटतो. तालमीत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक, मायोस्टॅटिन अडवणारं काहीही वाडाच्या, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, यादीत बंदी असलेलं आहे, स्पर्धेच्या बाहेरसुद्धा.

आणि तुमची भरती कशावर आहे ते बघा ना. पन्नास मार्कांच्या मैदानीत १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. १६०० मीटरला फुगलेलं अंग ओझंच होणार. आठवड्यातून दोन-तीनदा नीट वजनाचा व्यायाम केला की स्नायूतलं मायोस्टॅटिनचं उत्पादन तसंही कमी होतं, हा ब्रेक सैल करायचा फुकटचा रस्ता आहे. खाण्यात वजनाच्या किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम प्रोटीन ठेवा, साठ किलोच्या पोराला साधारण ९५. ज्वारीच्या तीन मोठ्या भाकरीत २० ग्रॅम येतं, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यात १२, वाटीभर तुरीच्या वरणात ८-१०, अर्धा लिटर दुधात १६, दोन अंड्यात १२, आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यात २५. लातूरला तर सोयाबीनचं केवढं मोठं मार्केट आहे, आपणच पिकवतो आणि आपणच ताटात घेत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पावडर घ्यायचीच असेल तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज तीन ते पाच ग्रॅम, किडनीचा त्रास नसेल तर, ह्याच्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. रक्त तपासायला गेलात तर क्रिएटिन घेतोय असं सांगा, नाहीतर क्रिएटिनिन थोडं वाढलेलं बघून डॉक्टर आणि तुम्ही दोघंही घाबराल.

आता भाचा. हे नीट वाचा आणि बहिणीला वाचून दाखवा.

निदान सीपीके (स्नायू फाटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि लक्षणांवर झालं असेल तर तेवढ्यावर थांबू नका, जीनची तपासणी करा. आधी एमएलपीए नावाची रक्ताची टेस्ट, त्यात काही निघालं नाही तर पूर्ण सिक्वेन्सिंग. मधल्या काळात कुणी एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं बघून काविळीचं किंवा लिव्हरचं औषध चालू केलं असेल तर ते बंद करायचं डॉक्टरांशी बोला. हे एन्झाइम स्नायूतूनही येतात, डुशेनच्या पोरांत ते वाढलेलेच असतात. कितीतरी पोरांची दोन-दोन वर्षं लिव्हरच्या औषधात आणि झाडपाल्यात गेलेली मी बघितलीत, म्हणून कुठल्याही लहान डॉक्टरमित्राला मी हेच सांगतो की पोरगं उशिरा चाललं, वारंवार पडतंय आणि एसजीपीटी जास्त आहे तर आधी सीपीके बघ.

सात वर्षं म्हणजे स्टेरॉइड चालू करायचं वय झालंय. प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट, डोस वजनावर ठरतो. तुम्ही कुठं वाचलं असेल की स्टेरॉइडनं मायोस्टॅटिन वाढतं आणि स्नायू झिजतात, ते निरोगी माणसात खरं आहे, पण डुशेनमध्ये स्टेरॉइड स्नायूतली सूज आणि जळजळ कमी करतं आणि पोरगं साधारण दोन-तीन वर्षं जास्त चालतं, त्यामुळं फायदा मोठा आहे. चालू केल्यावर एकदम बंद करायचं नाही, गावाला गेलो आणि गोळ्या संपल्या असं अजिबात चालणार नाही, जीवावर बेतू शकतं. वजन, उंची, बीपी, डोळे, हाडं हे बघत राहावं लागतं. लसी कुठल्या द्यायच्या ते स्टेरॉइड चालू करायच्या आधी विचारा.

व्यायामाचं फार जपून. पोराला ताकद यावी म्हणून उठाबशा, जिने उतरणं, पळवणं, तालमीत नेणं, हाडवैद्याकडं नेऊन जोरात मालिश करून घेणं हे सगळं बंद. स्नायू ताणला जात असताना जोर लावला की डिस्ट्रॉफिन नसलेले धागे सगळ्यात जास्त फाटतात. घोट्याचं, मांडीच्या मागचं हलकं स्ट्रेचिंग रोज, रात्री पायाला स्प्लिंट, आणि जमलं तर पाण्यात खेळू द्या. शाळेत वर्ग खालच्या मजल्यावर मागून घ्या.

हृदयाची टूडी इको आत्तापासून वर्षाला एकदा, कारण हृदयसुद्धा स्नायूच आहे, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास हृदयाचं औषध चालू करतात, कधी आधीही. कुठलंही ऑपरेशन लागलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की डुशेन आहे, काही भुलीची औषधं ह्या पोरांना चालत नाहीत.

नव्या औषधांत गिव्हिनोस्टॅट मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सहा वर्षांपुढच्या डुशेनच्या पोरांसाठी मंजूर झालं. डुशेनमध्ये अशा प्रकारच्या औषधांचा शोध सुरू झाला तो फॉलिस्टॅटिनमुळं, म्हणजे मायोस्टॅटिनला पकडून ठेवणाऱ्या शरीरातल्याच प्रोटीनमुळं, तेव्हा तुमचा प्रश्न अगदीच चुकीच्या दिशेचा नव्हता भाऊ. ते आजार बरा करत नाही, घसरण मंदावतं. जीन थेरपीच्या बातम्या येतील, एका इंजेक्शनची किंमत बत्तीस लाख डॉलर, आणि २०२५ मध्ये ती घेतलेल्या चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा लिव्हर फेल होऊन मृत्यू झाला, त्यामुळं जमीन विकून परदेशी जायच्या आधी शांतपणे कुणाशी तरी बोला. दिल्ली-मुंबईच्या नावाखाली स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारे लोक भेटतील, त्यांना एक रुपया देऊ नका.

बहिणीबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. हे जीन एक्स गुणसूत्रावर असतं, साधारण तीनातल्या दोन पोरांत ते आईकडून आलेलं असतं आणि तिसऱ्यात नव्यानंच बिघडलेलं असतं. आईकडून आलं ह्याचा अर्थ आईची चूक असा होत नाही, तिला ते माहीतही नसतं आणि तिच्या हातातही नसतं. सासरी कुणी तिला बोल लावायलेत असं दिसलं तर नवऱ्याला आणि सासूला घेऊन या, मी स्वतः समजावतो, आजवर बऱ्याच घरांत हे करावं लागलंय. तिची कॅरियर टेस्ट करा, म्हणजे स्वतःला आजार नसताना ते बिघडलेलं जीन तिच्यात आहे का ते बघा, ती कॅरियर निघाली तर तुमच्या बाकीच्या बहिणींची, मावशांचीही करा. पुढचं मूल हवं असेल तर गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याला वारेच्या नमुन्यातून तपासता येतं, पण त्यासाठी आधी पोराचा जीन रिपोर्ट हातात लागतो. कॅरियर बायकांनी स्वतःच्या हृदयाचीही इको अधूनमधून करून घ्यावी, हे कुणी सांगतच नाही.

पैशाचं बघा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या, जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात डुशेन आहे, मान्य केंद्रामार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल अशा केंद्रांपैकी एक आहे. तिथं जाताना सीपीके, जीन रिपोर्ट, इको आणि पोराचं आधार सोबत ठेवा. त्याचा चालतानाचा आणि जमिनीवरून उठतानाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओही न्या, गर्दीच्या ओपीडीत पोरगं घाबरलेलं असतं, व्हिडिओत खरं दिसतं.

जीन रिपोर्ट आला की त्यात कुठल्या नंबरचे एक्सॉन, म्हणजे जीनचे तुकडे, गळालेत ते बघा. डिस्ट्रॉफिनच्या जीनमध्ये ७९ एक्सॉन आहेत, आणि ४५, ५१ किंवा ५३ नंबरचा एक्सॉन वगळून काम होण्यासारखं असेल तर त्यासाठीची वेगळी औषधं आणि ट्रायल आहेत, बाकीच्यांना त्या लागू होत नाहीत. पुढं कुठं नाव नोंदवायचं हे त्या नंबरावरनं ठरतं, म्हणून टेस्ट ह्याच महिन्यात करून घ्या.